एक जानेवारीचा सामना

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या ईशान्येला सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी पासाडेना नावाचे शहर आहे. दरवर्षी नववर्षदिनी तिथे विद्यापीठांच्या दोन संघांत अमेरिकन फुटबॉलचा एक सामना होतो. त्याचे नाव ‘रोझ बाउल’. मराठी क्रिकेटरसिकांना या नावाने इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचे मैदान आठवेल; २०२१ साली कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना भारत तिथेच न्यूझीलंडविरुद्ध खेळला. पासाडेनाचे रोझ बाउल स्टेडियम त्याहून सुमारे ऐंशी वर्षांनी जुने आहे आणि तिथला सामना स्टेडियमहूनही जुना. पहिला सामना १९०२ साली झाला. अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉलची मोठी संघटना, एनएफएल, जन्माला आली ती १९२० साली. म्हणजे त्या देशात फुटबॉलचे वेड आधी कॉलेजांनी लावले, पैसा देऊन खेळाडू बाळगणारे क्लब नंतर आले. हा क्रम ध्यानात घेतला की विद्यापीठांच्या सामन्याला नव्वद हजार माणसे का जमतात, याचा उलगडा होऊ लागतो.

आधी खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ शंभर यार्डांच्या मैदानावर समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या टोकापलीकडे पोचले की ‘टचडाउन’, त्याचे सहा गुण. आपल्याच टोकात अडकून पडले तर समोरच्यांना दोन गुण मिळतात. हा शेवटचा नियम पुढे एका सामन्याचा निकाल ठरवून गेला.

सामन्याची सुरुवात मात्र फुलांपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पासाडेना हे पूर्वेकडच्या आणि मध्य अमेरिकेतल्या सुखवस्तू लोकांचे हिवाळी वस्तीचे ठिकाण होते. त्यांच्या मूळ गावी बर्फ साचलेले असताना इथे गुलाब फुललेले असत आणि संत्री झाडावर पिकत. त्यांच्या ‘व्हॅली हंट क्लब’मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हे निसर्गअभ्यासक होते. आपली ही उबदार थंडी साऱ्या देशाला दिसावी, यासाठी फुलांचा उत्सव भरवण्याची कल्पना त्यांनी मांडली. १ जानेवारी १८९० रोजी क्लबच्या सभासदांनी आपल्या घोडागाड्या फुलांनी सजवून मिरवल्या आणि दुपारी धावण्याच्या शर्यती, रस्सीखेच असे खेळ झाले. पाच वर्षांत व्याप इतका वाढला की १८९५ साली ‘टुर्नामेंट ऑफ रोझेस’ ही स्वतंत्र संस्था काढावी लागली. तीच संस्था आजही मिरवणूक आणि सामना दोन्ही भरवते.

या उत्सवाचा एक जुना नियम अजून पाळला जातो. १ जानेवारीला रविवार आला तर मिरवणूक आणि सामना २ तारखेला होतात. नियम १८९३ सालचा आहे. रविवारी चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीच्या गलबल्याने बुजतील, अशी तेव्हा भीती होती. घोडे गेले, नियम राहिला.

दुपारच्या खेळांत आणखी काहीतरी भव्य हवे म्हणून संस्थेने १९०२ साली फुटबॉलचा सामना ठेवला. पश्चिमेकडून कॅलिफोर्नियाचेच स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूने रेल्वेने आलेले मिशिगन. मिशिगनचा त्या हंगामातला संघ भीतिदायक होता. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांनी तो तयार केला होता, आणि हेच योस्ट त्याआधीच्या वर्षी स्टॅनफर्डला शिकवत होते. तेव्हा टचडाउनला पाचच गुण मिळत आणि चेंडू हवेतून पुढे फेकायला बंदी होती. सगळा खेळ अंगाच्या धडकेचा. मिशिगनच्या नील स्नो यांनी एकट्यांनी पाच टचडाउन केले. गुणफलक ४९–० झाला तेव्हा वेळ शिल्लक होता, पण स्टॅनफर्डच्या कर्णधाराने खेळ थांबवण्याची विनंती केली आणि सामना तिथेच संपला. मिशिगनने अकरांपैकी एकही खेळाडू बदलला नव्हता.

एवढ्या एकतर्फी लढतीनंतर पासाडेनाकरांचे मन फुटबॉलवरून उडाले. पुढची कितीतरी वर्षे दुपारच्या कार्यक्रमात दुसरेच खेळ होते. १९०३ साली पोलो झाला आणि १९०४ पासून ‘बेन-हर’ कादंबरीच्या प्रभावाने रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती सुरू झाल्या. शहामृगांच्या शर्यती झाल्या. एकदा हत्ती आणि उंट यांचीही लावली, त्यात हत्ती जिंकला. रथांच्या शर्यती खर्चिक होत्या आणि जीवघेण्याही. अखेर १९१६ साली फुटबॉल परत आला. भर पावसात वॉशिंग्टन स्टेटने ब्राउन विद्यापीठाला १४–० असे हरवले. पराभूत संघात फ्रिट्झ पोलार्ड होते, या सामन्यात खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे ते एनएफएलमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकही झाले. त्या वर्षापासून सामना एकदाही चुकलेला नाही. पहिल्या महायुद्धात कॉलेजांचे संघ मिळेनात, तेव्हा १९१८ आणि १९१९ साली सैन्याच्या छावण्यांचे संघ खेळवून परंपरा टिकवली गेली.

गर्दी वाढली आणि जुने टुर्नामेंट पार्क अपुरे पडू लागले. शहराच्या पश्चिमेला आरोयो सेको नावाचा कोरडा ओढा आहे. त्याच्या पात्रात नवे मैदान बांधायचे ठरले. वास्तुरचनाकार होते मायरन हंट. त्यांच्यासमोर नमुना होता येल विद्यापीठाच्या १९१४ सालच्या ‘येल बाउल’चा. तिथे जमीन मधोमध खणून निघालेल्या मातीचे सभोवार उतार केले होते आणि त्या उतारांवर आसने बसवली होती. पासाडेनात त्याच पद्धतीने १९२२ साली सुमारे ५७ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. सुरुवातीला ते घोड्याच्या नालेसारखे एका बाजूने उघडे होते. १९२८ साली ती बाजू बंद होऊन आजचा लंबवर्तुळाकार पुरा झाला. स्थानिक वार्ताहर हार्लन हॉल यांनी सुचवलेले ‘रोझ बाउल’ हे नाव आधी मैदानाचे होते, नंतर सामन्याचे झाले. पुढे अमेरिकेत हंगामाअखेरच्या अशा प्रत्येक निमंत्रित सामन्याला ‘बाउल’च म्हणू लागले, मग तो कोणत्याही आकाराच्या मैदानात का होईना.

नव्या मैदानातला पहिला नववर्षाचा सामना १९२३ चा. पाहुणा पेन स्टेटचा संघ रस्त्यातल्या मोटारींच्या कोंडीत अडकला. लॉस एंजेलिस परिसरातल्या वाहतुकीचा लौकिक तेव्हापासूनचा आहे. खेळ बराच उशिरा सुरू झाला आणि चंद्र उगवल्यावर संपला. वार्ताहरांनी आगपेटीच्या काड्या पेटवून त्या उजेडात बातम्या लिहिल्या. सदर्न कॅलिफोर्निया १४–३ असा जिंकला.

रोझ बाउलचे खरे मोठेपण या पुढच्या काळात घडले, आणि त्याचे कारण त्याच्या मूळ कल्पनेत होते. हा पूर्व विरुद्ध पश्चिम असा सामना होता. एकमेकांशी एरवी क्वचितच खेळणारे, हजारो किलोमीटर दूरचे दोन प्रदेश वर्षातून एकदा समोरासमोर येत. दूरचित्रवाणी नव्हती, विमानप्रवास नव्हता. दुसऱ्या टोकाचे लोक कसे खेळतात हे कळण्याचा हा मोठा प्रसंग. म्हणून इथल्या निकालात लोक आपल्या प्रदेशाची पत शोधत.

१९२६ सालचा सामना याचे सर्वांत मोठे उदाहरण. दक्षिणेच्या एकाही संघाला तोवर इथे बोलावणे आले नव्हते. यादवी युद्धात हरलेला, दारिद्र्यात रुतलेला तो भाग फुटबॉलमध्येही दुय्यम मानला जाई. पूर्वेकडच्या विद्यापीठांनी नकार दिल्यावर निमंत्रण अलाबामाकडे गेले. समोर वॉशिंग्टनचा बलाढ्य संघ होता. मध्यंतराला वॉशिंग्टन १२–० ने पुढे होता. तिसऱ्या सत्रात त्यांचा आघाडीचा खेळाडू जॉर्ज विल्सन जखमी होऊन बाहेर बसला आणि तेवढ्या अवधीत अलाबामाने वीस गुण केले. विल्सन परतल्यावर वॉशिंग्टनने अंतर कापले, पण निकाल लागला २०–१९, अलाबामाच्या बाजूने. संघाची आगगाडी घरी परतताना दक्षिणेतल्या स्थानकांवर स्वागताला गर्दी लोटली. दोन टचडाउन करणारा देखणा जॉनी मॅक ब्राउन पुढे हॉलिवूडमध्ये काउबॉयपटांचा नायक झाला. आज दक्षिणेत फुटबॉलला जे जवळजवळ धर्माचे स्थान आहे, त्याचा उगम अमेरिकेतले इतिहासकार या सामन्यात पाहतात. पण तो अभिमान सगळ्या दक्षिणेचा नव्हता, हेही सांगायला हवे. अलाबामा विद्यापीठाचे दरवाजे तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होते आणि तिथल्या मुख्य फुटबॉल संघातून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरायला १९७१ साल उजाडावे लागले.

१९२९ चा सामना एका चुकीने अमर केला. कॅलिफोर्निया आणि जॉर्जिया टेक खेळत होते. दुसऱ्या सत्रात जॉर्जिया टेकच्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला. कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सने तो उचलला, प्रतिपक्षाला चुकवण्यासाठी गिरकी घेतली, आणि गिरकीत दिशाच हरवून आपल्याच टोकाकडे धावत सुटला. प्रेक्षकांचा कल्लोळ त्याला प्रोत्साहन वाटला असावा. साठहून अधिक यार्ड तो धावला. सहकारी बेनी लॉम ओरडत मागे धावत होता. त्याने टोकाच्या अगदी जवळ रीगल्सला धरून थांबवले, तोच जॉर्जिया टेकचे खेळाडू येऊन आदळले आणि एका यार्डावर त्याला पाडले. तिथून चेंडू दूर लाथाडण्याचा प्रयत्नही अडवला गेला आणि जॉर्जिया टेकला दोन गुण मिळाले. सामना ८–७ असा एका गुणाने गेला. मध्यंतरात रीगल्स मान खाली घालून बसला होता. पुन्हा मैदानात जाण्याची त्याची तयारी नव्हती. प्रशिक्षक निब्स प्राइस यांनी त्याला पाठवलेच. उत्तरार्धात तो जीव तोडून खेळला, प्रतिपक्षाची एक किक त्याने अडवली, आणि पुढच्या हंगामात तो संघाचा कर्णधार होता. ‘उलटा धावलेला’ ही ओळख त्याला आयुष्यभर चिकटली, पण त्या उत्तरार्धाची आठवणही तितकीच ठेवायला हवी.

पासाडेनाची भरभराट पाहून तीसच्या दशकात इतर उबदार शहरांनीही आपापले सामने सुरू केले: मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल, एल पासोला सन बाउल, डॅलसला कॉटन बाउल. पीक किंवा हवामान यांच्या नावाने शहराची जाहिरात, हे तंत्र सगळ्यांनी उचलले. आज असे चाळीसच्या आसपास सामने होतात आणि त्यांतल्या बहुतेकांपुढे प्रायोजक कंपन्यांची नावे लागलेली असतात.

१९४२ चा सामना पासाडेनात झाला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमवायला लष्कराने मनाई केली. निमंत्रित ड्यूक विद्यापीठाने आपले नॉर्थ कॅरोलायनातले मैदान देऊ केले. ओरेगन स्टेटचा संघ सारा देश ओलांडून डरमला गेला आणि पावसात २०–१६ असा जिंकला. त्या संघातला जॅक योशिहारा मात्र त्यांच्याबरोबर नव्हता. तो जपानी वंशाचा होता, म्हणून त्याला प्रवासाची परवानगीच मिळाली नाही. पुढे त्याची रवानगी आयडाहोतल्या जपानी-अमेरिकन नागरिकांच्या बंदिवान छावणीत झाली. त्या दुपारी खेळलेले अनेक जण थोड्याच महिन्यांत युद्धावर गेले. ड्यूकचा चार्ल्स हेन्स इटलीत गोळ्या लागून डोंगरावर पडला, तेव्हा त्याला खाली आणणाऱ्यांत ओरेगन स्टेटचा फ्रँक पार्कर होता, त्याचा त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी.

युद्धानंतर सामन्याचे स्वरूप करारानेच बांधले गेले. १९४६ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची परिषद आणि मध्य-पश्चिमेतली ‘बिग नाइन’, म्हणजे पुढची ‘बिग टेन’, यांच्यात ठरले की दरवर्षी दोघींचे विजेते पासाडेनात भिडतील. परिषद म्हणजे आपापसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. पश्चिमेच्या चाहत्यांना पहिल्या वर्षी हे रुचले नाही. त्यांना अपराजित लष्करी अकादमीचा संघ पाहायचा होता आणि वाट्याला आला इलिनॉय. इलिनॉयने १ जानेवारी १९४७ रोजी यूसीएलएचा ४५–१४ असा धुव्वा उडवून उत्तर दिले. करारानंतरच्या पहिल्या तेरा सामन्यांपैकी बारा मध्य-पश्चिमेने जिंकले. पारडे सत्तरच्या दशकात पश्चिमेकडे झुकले. १९७३ साली सदर्न कॅलिफोर्नियाने ओहायो स्टेटला हरवताना १,०६,८६९ प्रेक्षक हजर होते. इथला तो उच्चांक अजून मोडलेला नाही, आणि आसने कमी केल्यामुळे आता मोडणारही नाही.

या काळात सामना घराघरांत पोचला. १९२७ साली किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत रेडिओवरून त्याचे धावते वर्णन झाले होते. १९५२ साली देशभर दूरचित्रवाणीवर तो दिसला. गोठलेल्या शिकागोत किंवा डेट्रॉइटमध्ये दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला पडद्यावर ऊन, हिरवे गवत आणि मागे तांबूस होत जाणारे डोंगर दिसत. होल्डर यांना जी जाहिरात हवी होती, ती याहून परिणामकारक दुसरी कोणती झाली असती?

कॅमेरे होते म्हणूनच १९६१ ची खोडीही देशाने पाहिली. वॉशिंग्टनचे समर्थक रंगीत पुठ्ठे उचलून आसनांवर चित्रे आणि अक्षरे साकारत. कोणी कधी कोणता पुठ्ठा धरायचा, याच्या छापील सूचना प्रत्येक आसनावर ठेवलेल्या असत. पासाडेनातच असलेल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी त्या सूचना आधी मिळवून गुपचूप बदलल्या. मध्यंतरात चित्रे उलगडू लागली. वॉशिंग्टनचे बोधचिन्ह असलेला कुत्रा दिसायचा तिथे कॅलटेकचे बोधचिन्ह असलेला बीव्हर दिसला, मग संघाचे नाव उलटे आले, आणि त्यानंतर भल्यामोठ्या अक्षरांत ‘कॅलटेक’. समालोचक गोंधळून गप्प झाले. सामन्यात कॅलटेकचा काहीही संबंध नव्हता.

स्टेडियमला सॉकरच्या, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या, जगातही मानाचे स्थान आहे. १९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. इटलीच्या रोबेर्तो बॅजिओने पेनल्टी बारवरून मारली आणि ब्राझील जिंकला. महिलांचा १९९९ चा अंतिम सामनाही इथलाच.

मूळ परंपरेला पहिला मोठा तडा २००२ साली गेला. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेता कोण, हे दीर्घकाळ पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्या मतदानाने ठरत असे. चाहत्यांना मैदानावरचा निकाल हवा होता आणि वाहिन्यांना मोठी लढत. अव्वल दोन संघांना भिडवणाऱ्या नव्या व्यवस्थेत रोझ बाउल सामील झाला आणि २००२ साली ३ जानेवारीला मायामी आणि नेब्रास्का पासाडेनात खेळले. पश्चिम आणि मध्य-पश्चिम यांच्यातला पंचावन्न वर्षांचा अखंड सिलसिला तुटला. त्याच व्यवस्थेने २००६ सालचा सामनाही दिला, जो अनेकांच्या मते कॉलेज फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ. सलग चौतीस सामने जिंकलेला सदर्न कॅलिफोर्निया पुढे होता. एकोणीस सेकंद उरले असताना टेक्ससच्या विन्स यंगसमोर शेवटचा प्रयत्न होता. फेकायला कोणी मोकळे दिसेना, तेव्हा तो स्वतःच उजवीकडे धावला आणि आठ यार्डांवरचा कोपरा गाठला. टेक्सस ४१, सदर्न कॅलिफोर्निया ३८.

त्यानंतरचा बदल याहून मुळाशी जाणारा आहे. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली, २०२४ पासून बारा संघांची. २०२१ साली कोविडमुळे कॅलिफोर्नियात प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून सामना टेक्ससला हलवला गेला. आणि प्रक्षेपण हक्कांच्या रकमा इतक्या फुगल्या की विद्यापीठे आपापल्या जुन्या परिषदा सोडू लागली. सदर्न कॅलिफोर्निया, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे २०२४ साली ‘बिग टेन’मध्ये गेली. पश्चिमेच्या परिषदेत दोनच सदस्य मागे राहिले: वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. एकाने १९१६ साली या सामन्याचे पुनरुज्जीवन जिंकून साजरे केले होते, दुसऱ्याने १९४२ साली तो देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जिंकला होता. पैशाच्या हिशेबात हा इतिहास कोणी धरला नाही, ही या कहाणीतली सर्वांत दुःखाची बाब.

खेळाडूंच्या बाजूने मात्र न्याय उशिरा का होईना झाला. विद्यापीठे, वाहिन्या आणि प्रशिक्षक यांनी यातून दशकानुदशके कमाई केली. धडका खाणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मनाई होती. २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले. २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर एकेक विद्यापीठ आपल्या सर्व खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट देऊ शकते.

पश्चिम विरुद्ध मध्य-पश्चिम अशा जुन्या पद्धतीचा शेवटचा सामना २ जानेवारी २०२३ रोजी पेन स्टेट आणि युटा यांच्यात झाला. १ जानेवारी २०२५ ला ओहायो स्टेटने ओरेगनला ४१–२१ असे हरवले, तेव्हा दोन्ही संघ ‘बिग टेन’चेच होते आणि सामना राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी होता. सकाळची मिरवणूक कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून तशीच निघते, आणि चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुले, पाने, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकण्याचा दंडक कायम आहे. सामन्याची वेळ मात्र बदलली. वर्षानुवर्षे तो स्थानिक वेळेनुसार दुपारी दोनच्या सुमारास सुरू होई. त्यानंतरच्या सामन्याचे प्रक्षेपण रेंगाळू नये म्हणून २०२६ पासून एक वाजताची वेळ ठरली आहे.